उपचार फोनवरच सुरू होतो

आपल्याकडे आपत्कालीन सेवेचा विषय निघाला की बोलणं गाड्यांपाशी येऊन थांबतं. रुग्णवाहिका किती, तालुक्याच्या वाट्याला किती आल्या, किती मिनिटांत पोहोचतात, त्यांतल्या किती खिळखिळ्या झाल्या. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिका रस्त्यावर आल्या. २३३ प्रगत उपकरणांच्या, ७०४ प्राथमिक सोयींच्या, आणि प्रत्येकीत डॉक्टर. ही मोठी गोष्ट होती. शहरात साधारण २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोहोचावी, असं उद्दिष्ट ठेवलं गेलं. आता या आकड्यांशेजारी वैद्यकशास्त्रातला एक आकडा ठेवून पाहा. माणसाचं हृदय अचानक बंद पडलं आणि आसपासच्या कुणी काहीच केलं नाही, तर त्याची जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. रक्त न मिळालेल्या मेंदूची हानी चार ते सहा मिनिटांतच सुरू होते. म्हणजे गाडी ठरल्या वेळेत, बरोबर विसाव्या मिनिटाला दारात उभी राहिली तरी त्या माणसापुरता उशीर झालेलाच असतो. मधल्या वेळात त्या घरात पोहोचलेला प्रशिक्षित माणूस एकच असतो, तो म्हणजे फोन उचलणारा. त्याचं काम निरोप घेऊन पुढे देण्याचं नाही, ती उपचाराची पहिली पायरी आहे. त्याची निवड, त्याचं प्रशिक्षण, त्याचा पगार आणि त्याच्या कामाची तपासणी या पायरीला शोभेल अशी असायला हवी. आज ती तशी नाही.

या कामाकडे नुसती जोडणी करून देण्याचं काम म्हणून पाहण्याची सवय जुनी आहे. लंडनमध्ये विम्पोल स्ट्रीटवर १० नोव्हेंबर १९३५ रोजी एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्याने अग्निशमन दलाला फोन लावला, पण टेलिफोन एक्स्चेंजने त्याला रांगेत ठेवलं. त्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहून ते चव्हाट्यावर आणलं, चौकशी झाली, आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला. तो फिरवला की एक्स्चेंजमध्ये लाल दिवा लागायचा, कर्कश भोंगा वाजायचा आणि ऑपरेटर हातातलं सोडून तो फोन आधी घ्यायचा. अमेरिकेत ९११ चा पहिला फोन १६ फेब्रुवारी १९६८ रोजी अलाबामातल्या हेलीव्हिल या लहान गावात वाजला. भारतात १०८ ची सुरुवात १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत झाली. पुढे निर्भया निधीतून पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी ११२ हा एकच क्रमांक उभा राहिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो सर्वांत आधी हिमाचल प्रदेशात सुरू झाला. या सगळ्या इतिहासात मेहनत झाली ती क्रमांक लक्षात राहावा आणि लाइन लवकर लागावी यासाठी. लाइन लागल्यावर पलीकडचा माणूस नेमकं काय बोलतो, हा प्रश्न बराच काळ कुणी विचारलाच नाही.

तो पहिल्यांदा नीट विचारला गेला १९७० च्या दशकात. अमेरिकेतल्या फिनिक्स शहराच्या अग्निशमन दलातल्या एका पॅरामेडिकने त्या दशकाच्या मध्यावर, हाताशी काहीही लेखी नसताना, श्वास थांबलेल्या बाळाच्या घरच्यांना फोनवरूनच तोंडाने श्वास कसा द्यायचा ते सांगितलं आणि बाळ वाचलं. त्याच दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीच्या अग्निशमन दलाचे डॉक्टर जेफ क्लॉसन यांनी या सुचलेल्या गोष्टीची पद्धत बनवली. त्यांनी तक्रारीप्रमाणे कार्डं तयार केली. छातीत दुखतंय, पडलाय, भाजलंय, बाळंतपण आहे, अशा प्रत्येक तक्रारीला ठरलेले प्रश्न, त्यांच्या उत्तरांवरून ठरणारी निकड, आणि गाडी पोहोचेपर्यंत घरच्यांनी काय करायचं याच्या सूचना. आज जगात बऱ्याच ठिकाणी हीच कार्डं संगणकाच्या पडद्यावर वापरली जातात. आपण ज्याला साधं बोलणं समजतो त्याच्या मागे अशी आखणी असते.

या आखणीचा कस सर्वांत जास्त लागतो तो हृदय बंद पडल्याच्या फोनवर. समजा, एक बाई सांगते आहे की तिचा नवरा जेवता जेवता कोसळला. फोन घेणारी पहिल्यांदा ठिकाण विचारते आणि परत म्हणून खात्री करून घेते. मग दोनच प्रश्न: ते शुद्धीवर आहेत का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ येतं. दुसऱ्यावर ती बाई म्हणते, ‘हो हो, घेतायत ना श्वास, आचके देतायत, घशातून आवाज येतोय.’ इथेच प्रशिक्षित आणि अप्रशिक्षित कान वेगळे होतात. हृदय बंद पडल्यानंतरही कित्येकांना काही मिनिटं असे तुटक, खोल, घुरघुरणारे आचके येतात. तो श्वास नव्हे. शरीरात मागे राहिलेली ती एक प्रतिक्षिप्त हालचाल असते आणि तिच्यातून प्राणवायू मिळत नाही. नवखा माणूस ‘श्वास चालू’ अशी नोंद करतो आणि सगळी घडी विस्कटते. शिकलेली कॉल टेकर त्याच शब्दांवर सावध होते आणि म्हणते, ‘काकू, गाडी निघाली आहे. ती येईपर्यंत मी सांगते तसं करायचं. फोन स्पीकरवर टाका. त्यांना जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर. आता जोरात दाबा, निदान दोन इंच खाली जाऊ दे. माझ्याबरोबर मोजा: एक, दोन, तीन, चार.’ आणि ती मोजत राहते, मिनिटाला शंभर ते एकशे वीसच्या लयीत, गाडीतली माणसं आत येईपर्यंत. मध्ये काकू म्हणतात, ‘मला नाही जमत, बरगडी मोडेल.’ कॉल टेकरला त्याचं उत्तरही शिकवलेलं असतं: मोडली तरी चालेल, थांबू नका.

याने खरंच फरक पडतो का? पडतो, आणि तो मोजलेला आहे. ॲरिझोना राज्यात फोनवरून छाती दाबायला शिकवण्याची नवी पद्धत आखली गेली, कर्मचाऱ्यांना तिचं प्रशिक्षण दिलं गेलं आणि प्रत्येक कॉलचं ध्वनिमुद्रण ऐकून त्यांना त्यांच्या चुका दाखवल्या गेल्या. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिला दाब पडेपर्यंतचा वेळ २५६ सेकंदांवरून २१२ सेकंदांवर आला, आणि अशा रुग्णांपैकी जिवंत घरी परतणाऱ्यांचं प्रमाण ९.१ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेलं. या सुधारणेचा गाभा गाड्यांत नव्हता, फोनवरच्या संभाषणात होता. त्याआधी, २००० साली, सिएटलच्या एका अभ्यासात कोसळलेल्या रुग्णांच्या कॉलची चिठ्ठ्या टाकून करावी तशी विभागणी केली होती. काहींना छाती दाबण्याबरोबर तोंडाने श्वास द्यायलाही सांगितलं, काहींना फक्त छाती दाबायला. नुसत्या दाबण्याच्या सूचना ८१ टक्के कॉलमध्ये पूर्ण सांगून झाल्या, दुहेरी सूचना फक्त ६२ टक्क्यांत. वाचलेल्यांचं प्रमाणही नुसत्या दाबण्याच्या गटात कमी नव्हतं, उलट १४.६ टक्के विरुद्ध १०.४ टक्के असं थोडं वरच होतं. आज मोठ्या माणसाचं हृदय बंद पडलं की फोनवर सहसा ‘फक्त दाबत राहा’ असं सांगितलं जातं, त्यामागे असे अभ्यास आहेत. घाबरलेल्या माणसाला फोनवर काय समजतं आणि काय नाही, हे कान देऊन ऐकल्यामुळे वैद्यकातला सल्ला बदलला.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: कार्ड समोर असेल तर वाचून दाखवायला कुणीही चालेल, त्यासाठी एवढं प्रशिक्षण कशाला? आणि त्याचाच उलटा आक्षेप: कार्ड कशाला, डॉक्टर किंवा नर्सलाच फोनवर बसवा. दोन्हींचं उत्तर १९८४ च्या जानेवारीत टेक्सासमधल्या डॅलस शहरात मिळालं. तिथे अग्निशमन दलाच्या फोनवर आलेल्या रुग्णांची छाननी करायला अनुभवी नर्स बसवलेली होती. एका माणसाने सावत्र आईला श्वास घेता येत नाही म्हणून गाडी मागितली. नर्स हट्ट धरून बसली की आईलाच फोनवर द्या. तो सांगत राहिला की ती बोलू शकत नाही, त्याने शिवी दिली, नर्सने त्याला सुनावलं, वाद वाढला, गाडी उशिरा निघाली आणि ती स्त्री मरण पावली. ध्वनिमुद्रण नंतर देशभर ऐकवलं गेलं. नर्सचं वैद्यकीय ज्ञान कमी नव्हतं. तिच्याकडे फोनवरच्या संभाषणाची शिस्त नव्हती, म्हणजे कोणता प्रश्न आधी, कोणत्या उत्तरानंतर थांबायचं, आणि समोरचा चिडला तर त्याचं चिडणं हे लक्षण मानायचं, अपमान नव्हे. रुग्ण न दिसता, नाडी न पाहता, तिसऱ्याच माणसाच्या तोंडून आजार ओळखायचा ही वेगळी विद्या आहे, आणि ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत नाहीत. कार्ड चुका कमी करतं, पण कार्डावरचा प्रश्न ओरडणाऱ्या माणसाच्या कानात शिरेल असा विचारायचा हे सरावानेच येतं. त्यासाठी शिकवली जाणारी एक युक्ती साधी आहे. तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच शांत सुरात, कारण जोडून पुन्हा पुन्हा म्हणायचं: ‘दादा, तुमच्या मुलाला मदत करायची आहे, म्हणून मला पत्ता सांगा.’ शब्द बदलले की घाबरलेल्या माणसाला वाटतं, आता काहीतरी नवंच विचारताहेत. तेच वाक्य तिसऱ्यांदा ऐकल्यावर बहुतेक जण भानावर येतात. फोन करणाऱ्यांच्या मनःस्थितीला पाच पायऱ्यांवर मोजणाऱ्या अभ्यासांतून हजारो कॉल तपासले गेले, तेव्हा बहुसंख्य लोक शांततेकडे झुकलेल्या खालच्या पायरीवरच आढळले. ‘संकटातला माणूस ऐकूनच घेत नाही’ ही समजूत आकड्यांना धरून नाही.

दुसरी तक्रार आपल्याकडे प्रत्येक अपघातानंतर ऐकू येते: ‘गाडी पाठवायची सोडून प्रश्न विचारत बसले.’ हिच्यामागचा राग मला समजतो, पण तिच्यामागचं चित्र चुकीचं आहे. मोठ्या केंद्रांत फोन घेणारा आणि गाडी पाठवणारा ही दोन वेगळी माणसं असतात. फोन घेणाऱ्याने ठिकाण आणि मुख्य तक्रार नोंदवली की ती लगेच डिस्पॅचरच्या पडद्यावर उमटते. पुढचे प्रश्न चालू असताना गाडी सुटलेली असते. प्रश्न गाडी अडवत नाहीत. ते गाडीतल्या डॉक्टरला आणि घरातल्या माणसांना तयार करतात. आणि जिथे प्रश्नांसाठी खरोखर थोडं थांबावं लागतं, तिथेही हिशोब उलटा निघू शकतो. इंग्लंडने २०१५ पासून एक बदल करून पाहिला. जीव तात्काळ धोक्यात आहे असे कॉल पहिल्या काही प्रश्नांतच वेगळे काढायचे आणि तिथे गाडी ताबडतोब पाठवायची. उरलेल्या कॉलसाठी मात्र गाडी ठरवण्याआधी २४० सेकंदांपर्यंत वेळ द्यायचा. शेफील्ड विद्यापीठाने एक कोटी चाळीस लाखांहून अधिक कॉलच्या आधारे या बदलाचा अभ्यास केला आणि २०१७ मध्ये तो तिथल्या सगळ्या रुग्णवाहिका सेवांना लागू झाला. कारण आधी घड्याळाला हरवण्यासाठी एकेका कॉलवर दोन-तीन गाड्या धावायच्या आणि मग वाटेतून परत फिरायच्या. दोन मिनिटं नीट ऐकलं की गाडी खरी गरज असेल तिथे जाण्यासाठी मोकळी राहते. गाड्या जिथे मोजक्या आहेत तिथे हे जास्तच लागू होतं.

महाराष्ट्रात या कामाला आणखी एक अडचण येते, ती ठिकाणाची. ११२ चे फोन नवी मुंबईतल्या महापे इथल्या मुख्य केंद्रात आणि नागपूरच्या दुसऱ्या केंद्रात घेतले जातात. तिथून नोंद त्या त्या जिल्ह्याच्या किंवा आयुक्तालयाच्या नियंत्रण कक्षात जाते आणि तिथला डिस्पॅचर जवळची गाडी पाठवतो. गाडीत बसवलेल्या पडद्यावर ती नोंद दिसते. म्हणजे महाप्याला बसलेल्या मुलीला एकाच पाळीत धडगावच्या पाड्यावरचा, दोडामार्गच्या वाडीतला आणि अहेरीच्या टोल्यावरचा माणूस भेटू शकतो. पत्ता विचारला की उत्तर येतं, ‘म्हसोबाच्या देवळाच्या मागं, पाटलाच्या मळ्यात.’ मोबाइलचा मनोरा दाखवत असलेलं ठिकाण डोंगराळ भागात कित्येक किलोमीटर चुकू शकतं. मग गाव, ग्रामपंचायत, जवळची शाळा, जवळचं आरोग्य उपकेंद्र, महामार्गावर असेल तर रस्त्याकडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा, असं एकेक विचारत जागा पक्की करावी लागते. वडगाव नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत, म्हणून तालुका विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही हा धडा पहिल्या दिवसाचा. बोलीचंही तसंच. कोकणातला माणूस ‘पान लागलं’ म्हणेल तेव्हा साप चावला आहे. कुणी ‘दातखीळ बसली’ म्हणेल, कुणी ‘फेफरं आलं’, कुणी ‘डोळे फिरवले’. गर्भारपणातल्या फोनवर ‘पाणी गेलं’ एवढंच ऐकू येईल. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, भिली, गोंडी बोलणारा माणूस जीव मुठीत धरून पुस्तकी मराठीत लक्षणं सांगणार नाही. परदेशी कार्डांचं भाषांतर पडद्यावर ठेवून हे भागणार नाही. आपल्याच ध्वनिमुद्रणांतून लोक खरोखर काय म्हणतात ते गोळा करून प्रश्न बांधायला हवेत, आणि हे काम भाषेच्या माणसांनी आणि डॉक्टरांनी एकत्र बसून करण्यासारखं आहे.

फोनवरून ‘काय करू नका’ हे सांगणंही तेवढंच मोलाचं आहे. आकडी आलेल्याला कांदा हुंगवतात, चप्पल नाकाशी धरतात, मुठीत किल्ल्या देतात, दातांत चमचा घालतात. साप चावला की दोरीने करकचून आवळतात, ब्लेडने चिरतात. बाळ अर्धं बाहेर आलं की घाबरून ओढतात. अशा वेळी कानावर एक ठाम आवाज हवा: तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, दोरी बांधू नका, पाय हलू देऊ नका, चालवू नका, बाळाला ओढू नका, बाहेर आलं की कोरडं पुसून आईच्या छातीवर ठेवा आणि दोघांना पांघरूण घाला, नाळ कापायची घाई नको. यातल्या एकाही वाक्याला यंत्र लागत नाही आणि ती गाडीच्या कितीतरी आधी पोहोचतात. गाडीला अर्धा तास लागणार असेल तर फोनवरच्या या वाक्यांचं वजन वाढतं. म्हणूनच ‘आधी गाड्या पुऱ्या होऊ द्या, मग फोनवाल्यांचं बघू’ हा युक्तिवाद मला उलटा वाटतो. जिथे गाड्या विरळ आहेत तिथेच फोनवरच्या माणसाची गरज सर्वांत जास्त आहे. शिवाय एका नव्या रुग्णवाहिकेचा उपयोग तिच्या तालुक्यापुरता असतो. नीट शिकवलेल्या कॉल टेकरचा साऱ्या राज्याला.

डिस्पॅचरचं काम याहून वेगळं आणि बाहेरच्यांना आणखी कमी दिसणारं. कोणती गाडी कुठे उभी आहे, कुणाचा रुग्ण आताच उतरवून झाला, कोणत्या घाटात रात्री धुकं असतं, कोणत्या पुलावरून पाणी जातंय, बाजारचा दिवस कुठे आहे, हे त्याच्या डोक्यात जिवंत असावं लागतं. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी कागदी चिठ्ठ्या आणि नकाशे बाजूला सारून गाड्या वाटण्याचं काम नव्या संगणकावर सोपवलं. गाड्यांची चुकीची ठिकाणं दिसू लागली, एकाच ठिकाणी दोन गाड्या निघाल्या, सूचनांचा ढीग पडद्यावर साचत गेला आणि जुने अनुभवी कर्मचारी हात बांधल्यासारखे बसून राहिले, कारण मध्ये पडायची वाटच ठेवलेली नव्हती. दुसऱ्याच दिवशी अर्धंअधिक काम पुन्हा हाताने सुरू झालं, आणि ४ नोव्हेंबरला यंत्रणा पूर्ण बंद पडली. आज तंत्र खूप सुधारलं आहे, आणि आता प्रश्न विचारला जातो तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा. कोपनहेगनमध्ये तसा प्रयोग झाला आहे. जुनी ध्वनिमुद्रणं ऐकवली तेव्हा यंत्राने हृदय बंद पडल्याचे ८४ टक्के कॉल ओळखले, माणसांनी सुमारे ७३ टक्के. पण प्रत्यक्ष काम चालू असताना यंत्राचा इशारा कर्मचाऱ्यांना देऊन पाहिला, तेव्हा ओळखण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखी वाढ झाली नाही. यंत्राला ऐकू आलेली गोष्ट माणसाने मानायची, वेळेत मानायची आणि पलीकडच्या बाईकडून छाती दाबून घ्यायची, हा शेवटचा टप्पा माणसाकडेच राहतो. यंत्र मदतीला जरूर घ्यावं, पण त्या निमित्ताने माणसाचं प्रशिक्षण कापू नये.

हे प्रशिक्षण कसं असतं? जिथे ते गांभीर्याने घेतात तिथे काही आठवड्यांचा वर्ग असतो, त्यात कार्डांचा वापर, भूगोल, कायदा, वायरलेसवरची भाषा, टंकलेखन आणि प्रथमोपचार येतात. खरं शिक्षण त्यानंतर सुरू होतं. शिकाऊ माणूस खऱ्या फोनवर बसतो आणि शेजारी अनुभवी व्यक्ती त्याच लाइनवर दुसरा हेडफोन लावून ऐकत असते, गरज पडली तर मध्ये बोलते. हे काही महिने चालतं, आणि बरेच जण या टप्प्यावर गळतात. पुढे नोकरीभर दर महिन्याला काही कॉल काढून तपासले जातात: ठिकाणाची खात्री किती सेकंदांत झाली, श्वासाचा प्रश्न विचारला का, सूचना मध्येच सोडल्या का. अमेरिकेतल्या या क्षेत्राच्या संघटनेने ठरवलेलं माप असं की ९० टक्के फोन १५ सेकंदांच्या आत उचलले जावेत. आपल्याकडे फोन किती वेळात उचलला आणि गाडी किती वेळात पोहोचली हे मोजलं जातं. मधल्या संभाषणात काय झालं त्याचं मोजमाप जाहीर अहवालांत क्वचितच दिसतं. जे मोजत नाही ते सुधारतही नाही, हे ॲरिझोनाने उलट बाजूने दाखवलं आहे.

या कामाची झीज शरीरावर दिसत नाही म्हणून ती नाकारली जाते. अमेरिकेत २४ राज्यांतल्या १७१ फोन कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांना सर्वांत वाईट कॉल कोणता असं विचारलं, तेव्हा पहिल्या क्रमांकावर लहान मुलाची अनपेक्षित इजा किंवा मृत्यू होता, आणि त्यानंतर आत्महत्येच्या विचारात असलेल्या माणसांचे फोन. घटनास्थळी नसलेल्या माणसाला आघात कसला, हा प्रश्न मानसोपचारानेही बाजूला ठेवला आहे. २०१३ पासून वापरात असलेल्या अमेरिकी निदानसंहितेत नोकरीचा भाग म्हणून अशा घटनांचे तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं हेही आघाताचं कारण मानलं जातं. फोन घेणाऱ्याच्या बाबतीत त्यात आणखी एक भर पडते. गाडी दारात पोहोचली की त्याने फोन ठेवायचा आणि पुढचा उचलायचा. त्या घरात पुढे काय झालं ते त्याला बहुधा कधीच कळत नाही. पुढचा फोन लग्नातल्या डीजेच्या तक्रारीचा असतो, त्यापुढचा एखाद्या मुलाने गंमत म्हणून लावलेला. तरी अमेरिकेत सरकारी व्यवसाय वर्गीकरणात या लोकांना कार्यालयीन आणि कारकुनी कामाच्या गटात ठेवलं आहे. पोलीस आणि अग्निशामकांच्या संरक्षक गटात घ्या, ही त्यांची मागणी २०१८ च्या फेररचनेत मान्य झाली नाही. आपल्याकडे बहुतेक राज्यांत १०८ ची सेवा कंत्राटी आहे, आणि कंत्राट गाड्यांची संख्या व वेळ यांवर बेतलेलं असतं. अशा रचनेत फोनवरच्या माणसाला टिकवून धरण्याचं कारण कुणाकडेच उरत नाही, आणि दोन वर्षांत तयार झालेला कान तिसऱ्या वर्षी नोकरी सोडून जातो. निविदेतच कॉल टेकरच्या प्रशिक्षणाचे तास, दरमहा तपासायच्या कॉलचं प्रमाण, कठीण कॉलनंतरची सक्तीची विश्रांती आणि समुपदेशन यांच्या अटी घालता येतात. त्यासाठी नवा कायदा नको.

आणखी एक शंका उरते, ती जबाबदारीची. फोनवरून दिलेला सल्ला चुकला आणि रुग्ण दगावला तर? भीती खरी आहे, पण काहीच न सांगण्यालाही किंमत आहे, आणि ती रुग्ण चुकवतो. ठरलेल्या, डॉक्टरांनी मान्य केलेल्या सूचना दिल्या आणि सगळं संभाषण ध्वनिमुद्रित असलं, तर कर्मचाऱ्याचं संरक्षणच होतं. फोन करणाऱ्यालाही कायद्याचं संरक्षण आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघातग्रस्तांना मदत करणाऱ्यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वं लागू केली, आणि मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४ अ नुसार मदत करणाऱ्यावर आपलं नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. महामार्गावर अपघात पाहून ‘पोलिसांची कटकट नको’ म्हणून फोन करून लगेच निघून जाऊ पाहणाऱ्याला हे फोनवरच सांगणं, हाही प्रशिक्षणाचाच भाग असायला हवा.

फोन करणाऱ्याच्या बाजूनेही थोडी तयारी हवी, कारण हे काम दोघांचं मिळून आहे. आधी ठिकाण सांगा, मग काय झालं ते. म्हणजे फोन मध्येच तुटला तरी गाडी निघू शकते. रुग्णाजवळच्या माणसानेच बोला, लांबून ऐकीव सांगू नका. प्रश्न विचारले जात असताना गाडी थांबलेली नाही हे लक्षात ठेवा. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला फाट्यावर किंवा गेटवर उभं करा, रात्री असेल तर बाहेरचा दिवा लावा. आता स्मार्टफोनवर पॉवरचं बटण तीनदा पटापट दाबलं, किंवा साध्या फोनवर ५ अथवा ९ चा आकडा दाबून धरला, तरी आपत्कालीन फोन लागू शकतो, त्यामुळे खिशातून आणि मुलांच्या हातून चुकून लागलेल्या फोनांची भर पडते. असा फोन लागला तर घाबरून कापू नका. कापला की पलीकडचा माणूस परत लावतो, तुम्ही संकटात आहात का ते शोधत बसतो, आणि तेवढा वेळ त्याची एक लाइन अडकते. ‘चुकून लागला, आम्ही ठीक आहोत’ एवढं सांगा, म्हणजे तो पुढचा फोन घेऊ शकेल.